‘ऑपरेशन सक्सेसफुल’ म्हणजे नक्की काय झालं?

एका वाचक ताईंचं पत्र:

‘डॉक्टर, माझे मिस्टर 46 वर्षांचे आहेत. वर्षभर त्यांना बाजूचं नीट दिसत नव्हतं, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. शेवटी एमआरआय केला, त्यात पिट्युटरी ग्रंथीची 2.8 सेंटिमीटरची गाठ निघाली. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं, त्याला चार महिने झाले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “ऑपरेशन सक्सेसफुल.” आता नवीन एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की डाव्या बाजूला गाठीचा थोडा भाग शिल्लक आहे. नजर सुधारली, पण माणूस पार गळून गेलाय. दुपारी तीननंतर उठवत नाही, चिडचिड करतात, कशातच रस नाही. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, टीएसएच नॉर्मल आलं. स्टेरॉइडची गोळी दिली आहे, पण स्टेरॉइड वाईट असं दीर म्हणाले म्हणून महिनाभर अर्धीच घेतात. वॉर्डात शेजारच्या खाटेवर हातपाय मोठे झालेल्या एक बाई होत्या. त्यांना म्हणे रक्त तपासून “तुम्ही बऱ्या झालात” असं सांगितलं. मग आमचंच का राहिलं? दीर म्हणतात, दुसरीकडे जाऊन पुन्हा ऑपरेशन करून घ्या. खरं सांगा, ऑपरेशन यशस्वी झालं की नाही?’

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण आधी ती अर्धी गोळी. चिठ्ठीवर लिहिलेला पूर्ण डोस आजपासून पुन्हा चालू करा आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून महिनाभर काय झालं ते सरळ सांगा. लपवू नका. आम्ही डॉक्टर रागावतो, पण तेवढ्यापुरतं.

दिरांना दोष देऊन उपयोग नाही, ‘स्टेरॉइड’ हा शब्दच बदनाम झालेला आहे. दम्यासाठी, सांध्यांसाठी मोठ्या डोसात महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरंच आहे. तुमच्या मिस्टरांच्या गोळीचं काम निराळं आहे. कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड आपल्या प्रत्येकाच्या शरीरात रोज तयार होतं. ते बनवतात मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, आणि त्यांना बनवायचा हुकूम जातो पिट्युटरीकडून. ती हुकूम देणारी ग्रंथीच गाठीखाली चेपली गेली की खालचा कारखाना गप्प बसतो. मग शरीर एरवी जेवढं स्वतः बनवतं साधारण तेवढंच बाहेरून द्यावं लागतं. ही भर नव्हे, भरपाई आहे. ती निम्मी केली तर माणूस दुपारी तीनला गळून जाणारच. तुमच्या पत्रातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ कदाचित त्या अर्ध्या गोळीतच असेल.

गळून जाणं तर सोसता येईल, खरा धोका पुढचा आहे. ताप आला, जुलाब लागले, अपघात झाला, दात काढला, की निरोगी शरीर आपोआप कॉर्टिसॉल वाढवतं. तुमच्या मिस्टरांचं शरीर आज ते करू शकत असेल असं धरून चालू नका. ताप असेल तेवढे दिवस गोळीचा डोस दुप्पट करायचा असतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन टोचून तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. उलट्या, चक्कर, गुंगी, रक्तदाब उतरणं, यात ‘सकाळी बघू’ म्हणायची सोय नाही. पुढच्या भेटीत हे नियम डॉक्टरांकडून त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. आणि ‘मी स्टेरॉइडवर अवलंबून आहे’ असं लिहिलेलं कार्ड मिस्टरांच्या पाकिटात कायम असू द्या.

आता तुमचा प्रश्न.

पिट्युटरीच्या ऑपरेशनचा निकाल एका दिवशी लागत नाही. तो हप्त्याहप्त्याने येतो, आणि प्रत्येक हप्ता वेगळा माणूस सांगतो. सर्जन थिएटरबाहेर येऊन ‘सक्सेसफुल’ म्हणाले तो पहिला हप्ता. त्याचा अर्थ एवढाच की पेशंट शुद्धीवर आला, मोठा रक्तस्राव झाला नाही, डोळ्यांच्या नसांवरचा दाब उतरला. गाठ कुठल्या जातीची हे पॅथॉलॉजिस्ट सांगतात, काही दिवसांनी. हार्मोन्सचा हिशोब एंडोक्रायनॉलॉजिस्ट मांडतात, त्याला आठवडे लागतात. गाठ किती उरली हे तीन-चार महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये नीट कळतं, कारण त्याआधी तिथे साकळलेलं रक्त आणि सर्जनने भोक बुजवायला भरलेली चरबी यांतून गाठ वेगळी ओळखणं अवघड जातं. आणि ती पुन्हा वाढते का, हे सांगायला वर्षं जावी लागतात. सर्जन खोटं बोलले नाहीत. ते पहिल्या हप्त्याबद्दल बोलत होते आणि तुम्ही पाचव्या हप्त्याबद्दल ऐकत होतात. हा घोळ मी माझ्या खोलीत इतक्या वेळा पाहिला आहे की ऑपरेशनआधीच नातेवाइकांना कागदावर पाच ओळी काढून देतो.

पहिला हप्ताही क्षुल्लक समजू नका. नाकाच्या वाटेने पिट्युटरीपर्यंत पोचायचं पहिलं ऑपरेशन 1907 साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे हेर्मान श्लोफर यांनी केलं. पुढे हार्वे कुशिंग या मोठ्या न्यूरोसर्जनने 1910 ते 1925 या काळात याच वाटेने 231 ऑपरेशनं केली, त्यांत 5.6 टक्के रुग्ण दगावले, आणि त्या जमान्यात तो आकडा अभिमानाचा होता. आज अनुभवी टीमकडे हे प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं शंभरात दोन ते पाच जणांत होतं. तेवढ्याच थोड्यांना लघवी आवरणारं हार्मोन कायमचं कमी पडतं आणि ते रात्रंदिवस पाणी पितात, लघवीला जातात. मिस्टरांना असं होत असेल तर सांगा, त्याला औषध आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा होणं ही सगळ्यात भयंकर गोष्ट, पण तीही एक टक्क्याहून कमी. या सगळ्यांतून तुम्ही सुखरूप पार पडलात.

मग तुकडा का राहिला?

पिट्युटरी वाटाण्याएवढी असते, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. कवटीच्या तळाशी खोगिरासारखी एक हाडाची बैठक आहे, तिथे ती बसते. लॅटिनमध्ये त्या हाडाचं नावच ‘तुर्की खोगीर’ असं आहे. वर डोळ्यांच्या दोन्ही नसा एकमेकींना छेदून जातात, म्हणून गाठ वर वाढली की आधी दोन्ही बाजूंचं दिसणं जातं आणि चौकटीला खांदा आपटतो. खालून सर्जन येतात, ती वाट बरी. अवघड आहेत त्या डाव्या-उजव्या भिंती. भिंतीपलीकडे शिरेचा एक पोकळ कप्पा आहे, त्याला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये हा शब्द बहुधा असेलच. त्या कप्प्यातून ती मोठी रक्तवाहिनी जाते आणि डोळा फिरवणाऱ्या नसाही जातात. गाठीचा तुकडा तिथे शिरला असेल, तर तो खरवडून काढण्याच्या नादात पापणी कायमची खाली येऊ शकते, एकाचे दोन दिसू शकतात, किंवा त्याहून वाईट. तुमच्या सर्जनने तिथे हात आखडता घेतला असेल तर तो त्यांचा कमीपणा नव्हे. माझ्या मते सर्जनची पारख कुठे थांबायचं यावरूनच होते.

गाठ भिंतीपलीकडे किती गेली आहे हे ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरही दिसतं. त्याला 0 ते 4 असे ग्रेड आहेत. ग्रेड 3 किंवा 4 असेल, तर सगळी गाठ निघायची शक्यता आधीपासूनच कमी होती. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल, पण त्या दिवशी कुणाला काय ऐकू येतं! पुढच्या वेळी तो जुना एमआरआय समोर ठेवून विचारा. हार्मोन न बनवणाऱ्या मोठ्या गाठींत, चांगल्या हातांतही, साधारण तीनातल्या दोघांचीच गाठ पूर्ण निघते. तुम्ही तिसऱ्यात मोडलात, एवढंच.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी तुलना मात्र सोडून द्या. त्यांचा आजार अॅक्रोमेगाली असावा, म्हणजे गाठ ग्रोथ हार्मोन बनवत होती. तिथे प्रश्नच वेगळा असतो. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ राहिली तरी ती हार्मोन ओतत राहते, म्हणून यश रक्तात मोजतात. आयजीएफ-1 नावाची तपासणी साधारण तीन महिन्यांनी वयाच्या मानाने नॉर्मल आली, तर आजार आटोक्यात. एक सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर दहातल्या आठ-नऊ जणांचं असं होतं. मोठी असेल तर निम्म्यांच्या आसपासच. उरलेल्यांना इंजेक्शनं, गोळ्या, कधी रेडिएशन. कुशिंग्स आजारात, म्हणजे गाठीमुळे कॉर्टिसॉल फार जास्त बनतं तेव्हा, लहान गाठीचं ऑपरेशन दहातल्या सुमारे आठांना बरं करतं, आणि गंमत म्हणजे तिथे ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल पार तळाला जाणं ही आनंदाची बातमी असते. तरी काहींचा आजार पुढे कित्येक वर्षांनीही परततो. तुमच्या पत्रावरून मिस्टरांची गाठ हार्मोन बनवणारी दिसत नाही, म्हणून तिथे ‘रक्त बरं झालं’ असा निकाल लागूच शकत नाही. त्यांचं ऑपरेशन मुख्यतः डोळ्यांसाठी होतं, आणि डोळे सुधारले आहेत. अशा गाठींत नजर दहातल्या आठ जणांची सुधारते, पूर्ववत मात्र बऱ्याच कमी जणांची होते. वर्षभर दाबलेली नस सावकाश सावरते; सुधारणा महिनोन्महिने चालू राहू शकते. म्हणून चार महिन्यांवर शेवटची रेघ मारू नका. फील्डची, म्हणजे बाजूचं किती दिसतं याची, तपासणी करून नेत्रतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत गाडी मात्र चालवू देऊ नका, त्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

एक गोष्ट फाइलमध्ये शोधा: ऑपरेशनआधी प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच एक हार्मोन) तपासलं होतं का आणि किती होतं. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. दुसऱ्या जातीची मोठी गाठ पिट्युटरीच्या दांड्यावर दाबली तरी प्रोलॅक्टिन थोडंफार वाढतं, त्याने फसायचं नाही. उलट फारच मोठ्या प्रोलॅक्टिनच्या गाठीत, नमुना पातळ करून तपासला नाही तर यंत्र खोटा कमी आकडा दाखवू शकतं. बहुधा तुमच्या डॉक्टरांनी हे पाहिलेलंच असेल. पण उरलेल्या तुकड्यावर गोळी चालणार की नाही हे यावरून कळतं, म्हणून विचारायला हरकत नाही.

बायॉप्सीचा रिपोर्टही वाचून दाखवायला सांगा. त्यात ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ असे शब्द दिसले तर इंटरनेट उघडून रात्र जागू नका. ज्या गाठींना आम्ही वर्षानुवर्षं अॅडेनोमा म्हणत आलो, त्यांचं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात बदललं आहे. गाठ तीच, पाटी नवी. शरीरात पसरणारा खरा पिट्युटरीचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. रिपोर्टमधून हवं ते एवढंच: गाठीची जात शांत आहे की थोडी खोडकर. काही जाती हार्मोन दाखवत नाहीत, पण वाढायला चपळ असतात, आणि त्यावरून पुढचे एमआरआय किती जवळजवळ करायचे ते ठरतं.

पुन्हा ऑपरेशन? आत्ता तरी नाही, असं माझं मत. उरलेला तुकडा दर वेळी वाढतोच असं नाही. सगळी गाठ निघाल्यासारखी दिसते त्यांच्यातही, पुढच्या वर्षांत शंभरातल्या दहा-वीस जणांची परत येते. तुकडा उरला असेल तर सुमारे निम्म्यांचा वाढतो, आणि तोही बहुतेकदा सावकाश. म्हणजे उरलेले निम्मे तो तुकडा घेऊन जगतात आणि त्याचं काही होत नाही. तुमचे मिस्टर कोणत्या निम्म्यात आहेत हे आज एका फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. त्यासाठी दोन फोटो लागतात. चार महिन्यांचा हा एमआरआय म्हणजे पहिला फोटो. पुढचा साधारण वर्षभरात, मग काही वर्षं दरवर्षी, नंतर अंतर वाढवत. प्रत्येक वेळी नुसता रिपोर्ट नको, चित्रांची सीडी जपून ठेवा आणि नवा एमआरआय जुन्याशेजारी ठेवून पाहायला सांगा. तुकडा वाढताना दिसला, तर नेम धरून दिलेलं रेडिएशन हा चांगला उपाय आहे. त्याने दहातल्या नऊहून जास्त जणांची वाढ पुढची पाच वर्षं तरी थांबते. त्याची किंमतही असते: काही वर्षांत उरलीसुरली पिट्युटरी मंदावते. डोळ्याच्या नसेपासून तुकडा काही मिलिमीटर दूर असेल तर ते सोपं जातं, म्हणून पहिल्या ऑपरेशनमध्ये गाठ वरून खाली उतरवली हाही फायदाच झाला.

दुसरं मत जरूर घ्या, त्यात सर्जनचा अपमान नाही. पण जिथे ही ऑपरेशनं सतत होतात अशाच ठिकाणी घ्या. अमेरिकेत 1997 साली न्यूरोसर्जन्सची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी पाचशेहून जास्त ऑपरेशनं केली होती त्यांच्याकडे गुंतागुंत ठळकपणे कमी होती. ‘तुम्ही वर्षाला किती करता?’ हा प्रश्न उद्धट नाही. ज्यांना तो झोंबतो त्यांच्याकडून उठून या.

आता टीएसएच. फॅमिली डॉक्टरांनी मनापासून तपासलं, पण या आजारात ती तपासणी फसवते. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाचा हुकूम देणारं हार्मोन. ते बनवतं कोण? पिट्युटरीच! चौकीदारच आजारी पडलाय आणि आपण त्यालाच विचारतोय, सगळं ठीक ना? तो ठीक म्हणतो. पिट्युटरीच्या पेशंटमध्ये थायरॉइडचं खरं हार्मोन, म्हणजे फ्री टी-फोर, बघावं लागतं. ते कमी निघालं तर थायरॉइडची गोळी लागेल, पण क्रम चुकवायचा नाही: आधी स्टेरॉइड पुरेसं, मग थायरॉइड. उलट केलं तर शरीरातलं थोडंफार कॉर्टिसॉल भराभर संपतं आणि माणूस कोसळू शकतो. अर्धी गोळी पूर्ण करा असं मी आधी सांगितलं त्याचं हेही एक कारण. आणि पुढेही कोणी टीएसएच बघून थायरॉइडचा डोस कमी-जास्त करू लागलं, तर थांबवा.

त्यासोबत सकाळी, उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉनही तपासायला सांगा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘कशातच रस नाही’ या तीन शब्दांत नवरा-बायकोमधलंही काही असू शकतं, आणि ते पत्रात लिहिणं अवघड असतं. ते कमी असेल तर चिडचिड, उदासी, अंगातली ताकद जाणं, सगळं त्यातून येतं, आणि त्याला उपाय आहे. ग्रोथ हार्मोनचा विचार सगळ्यात शेवटी, बाकीचं जुळल्यावर. हे सगळं जागेवर आलं तरी माणूस उदास राहिला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. वर्षभर नजर जाताना बघितलेल्या माणसाला हार्मोनचा दोष नसतानाही निराश व्हायचा हक्क आहे.

गोळ्या जन्मभर? कदाचित, कदाचित नाही. चेपलेली ग्रंथी दाब उतरल्यावर काही जणांत पुन्हा कामाला लागते, काहींत सहा महिन्यांनी, वर्षानेसुद्धा. म्हणून सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी अधूनमधून होत राहते. त्याआधी गोळी किती तास थांबवायची ते डॉक्टर सांगतात. ग्रंथी जागी झाली का हे बघायचा तोच मार्ग आहे. घरी गोळी अर्धी करून बघणं हा नव्हे.

राहिले दीर. त्यांच्यावर चिडू नका. चार महिने तुमच्यासोबत हॉस्पिटलच्या खेपा घालणारा माणूसच असे सल्ले देतो, बाकीचे फोनवर चौकशी करून मोकळे होतात. त्यांना हे पत्र वाचायला द्या. इमर्जन्सीचं इंजेक्शन मांडीत द्यायला घरातल्या दोघांना शिकवतात, पंधरा मिनिटांचं काम आहे. एक तुम्ही शिका. दुसरे दीर असू देत.